कल्ला पार्टीचा भोंगा

समोर सोफे मांडलेले दिसले की आमच्या गाण्याच्या पार्टीच्या भोंगाभाईंचं डोकं फिरायचं. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम असो, मंडपवाला पहिल्या रांगेत पांढरे अभ्रे घातलेले सोफे लावतो. त्यावर गावातली, तालुक्यातली मोठी माणसं बसतात, त्यांच्यापुढे पाण्याच्या बाटल्या येतात, हारतुरे होतात, आणि ज्यांना खरंच गाणं ऐकायचं असतं ती माणसं पार मागे, बांबूच्या पलीकडे उभी राहतात. मालेगावात असाच एक कार्यक्रम होता. आमचं दुसरं गाणं चालू असताना सोफ्यावरचे एक पाहुणे मोबाइलवर मोठमोठ्यानं बोलायला लागले. भाईंनी गाणं थांबवलं नाही. गळ्यातला बँजो वाजवत ते स्टेजवरून उतरले. वायर पुरेना, तर ती उपटून टाकली. सोफ्यांच्या मधून वाट काढत ते मागे गेले आणि पाहुण्यांकडे पाठ करून मागच्या गर्दीसमोर उभे राहिले. त्यांच्यामागे मी डफ घेऊन गेले, आमच्या पार्टीतला गजू ढोल घेऊन आला. उरलेला सगळा कार्यक्रम आम्ही तिथंच केला. सोफ्यावरच्या मंडळींना ऐकायचं तर मान वळवून बसावं लागलं, आणि काही जण बसलेही. नंतर संयोजक चिडून आले, तर भाई शांतपणे म्हणाले, "मी कुठं उठून गेलो? ज्याइले ऐकाचं होतं त्याइच्यापाशी गेलो."

भोंगा हे नाव त्यांना दोन गोष्टींमुळे पडलं. पहिली म्हणजे आवाज. अंगानं किडकिडीत, खिशाला कायम टेस्टर, पायात रबरी चपला. रस्त्यानं जाताना कुणी वळून बघू नये असा माणूस. पण तोंड उघडलं की पत्र्यावर कुणीतरी गिट्टी ओततंय असं वाटायचं. दुसरी गोष्ट म्हणजे खराखुरा भोंगा. बसस्टँडजवळच्या गल्लीत त्यांचं पंखे, मिक्सर, स्पीकर दुरुस्त करायचं दुकान होतं. तिथं कुणीतरी एक जुना, एका बाजूनं चेपलेला भोंगा टाकून गेलं होतं. भाईंनी तो बँजोला जोडून पाहिला. त्यातून जी खरखर बाहेर आली ती त्यांना इतकी आवडली, की पुढं जन्मभर त्यांनी दुसरा स्पीकर लावला नाही. लोक म्हणायचे, भाई, आता चांगला घ्या. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "साफ आवाजात खोटं बोलता येते. याच्यात नाई येत." सलीम हे त्यांचं खरं नाव. त्या नावानं त्यांना फक्त त्यांची बायको, शमीमभाभी, हाक मारायची, आणि तीही रागावली की.

आमची पार्टी काढण्याआधी ते लग्नाच्या बँजो पार्टीत होते. वरातीत नवी सिनेमाची गाणी वाजवायची, नवरदेवाच्या मित्रांना नाचवायचं, एवढंच काम. एकदा वरात खड्ड्याखड्ड्यांतून चालली होती आणि नवरदेवाची घोडी दोनदा अडखळली. भाईंनी चालू गाण्याची चाल तीच ठेवून तोंडानं खड्ड्यांवरचे शब्द घातले, आणि नेमकं सरपंचाच्या दारासमोर ते गाणं रंगवलं. वऱ्हाडी नाचले. सरपंचही हसले म्हणतात. पार्टीच्या मालकानं मात्र दुसऱ्या दिवशी त्यांना काढून टाकलं. ही गोष्ट सांगताना भाईंना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. आपल्याजवळ आपलं स्वतःचं गाणं आहे हे त्यांना त्या वरातीत कळलं, असं ते म्हणायचे.

मला ते भेटले ते असं काढून टाकण्याच्या थोडं आधी, आमच्या तांड्यावर. मानोऱ्याजवळ आमचा बंजाऱ्यांचा तांडा. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात नवऱ्याकडच्यांनी आणलेल्या बँजो पार्टीत ते होते. आमच्यात मुलगी सासरी निघाली की बाया तिच्या गळ्यात पडून रडत गातात, त्याला ढावलो म्हणतात. ढावलो सुरू झाला की बँजोवाले बाजूला जाऊन चहा पितात. भाई गेले नाहीत. ते जवळ येऊन खाली बसले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले. आमची भाषा त्यांना येत नव्हती. मी तेव्हा बारावीत होते, बायांमध्ये माझा आवाज वरचा होता. गाणं संपल्यावर त्यांनी मला अर्थ विचारला. मी सांगितलं, मुलगी भावाला म्हणते आहे की तुला घर दिलं, बैल दिले, आणि मला ही वाट दिली. ते म्हणाले, "मंग हे पोरगी रडून नाई राह्यली. हे भांडून राह्यली."

लहानपणापासून ऐकत आलेल्या गाण्याबद्दल हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात ते परत तांड्यावर आले. त्यांना पार्टी काढायची होती. केनवडचा गजू ढोलावर तयार होता, आणि ढावलो जलद ठेक्यात, डफावर, भांडणासारखा म्हणणारी मुलगी त्यांना हवी होती. तांड्यातल्या जाणत्या माणसांनी साफ नकार दिला. रडण्याचं गाणं स्टेजवर म्हणायचं नाही, आणि परक्या माणसांबरोबर मुलीनं गावोगाव फिरायचं नाही. भाईंनी कुणाशी वाद घातला नाही. माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की पोरगी जाईल, पण मीपण सोबत येईन. सगळ्यांना वाटलं, म्हातारी दोन कार्यक्रमांत थकेल. याडी थकली नाही. पहिल्या कार्यक्रमात ती स्टेजच्या मागे पोत्यावर बसली होती. चौथ्या-पाचव्या कार्यक्रमात तिनं घरून काशाची थाळी आणली आणि न विचारता आमच्यात येऊन वाजवायला लागली. भाईंनी तिच्याकडे पाहिलं, मान झुकवली आणि ठेका तिच्या हातात दिला. अशी आमची कल्ला पार्टी पुरी झाली.

"पोट दुकानावर भरा, गानं मोकळं ठेवा," हा भाईंचा एकमेव नियम. म्हणून आमच्यातलं कुणीच गाण्यावर जगलं नाही. भाईंचं दुकान चालू राहिलं, गजू ऑटो चालवायचा, मी पुढं अंगणवाडीत लागले, लग्न केलं, दोन मुलं झाली. वीस-बावीस वर्षांत कितीतरी चांगल्या पार्ट्या आल्या, झकपक कपडे शिवून घेतले, आणि मोडल्या. आमची मोडली नाही, कारण तिला मोडण्यासारखं काही लागलंच नव्हतं. निवडणूक आली की दोन्ही बाजूंची माणसं दुकानात यायची, गाण्यात साहेबांचं नाव घाला म्हणायची. भाई दोघांनाही चहा पाजायचे आणि दोघांनाही आमचं नळाचं गाणं ऐकवायचे. ते गाणं पाणी न येणाऱ्या नळाबद्दल होतं. चहा अर्धा ठेवून माणसं उठायची.

गाणी पसरली ती मोबाइलच्या दुकानांतून. मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं तेव्हा जोरात होती. आमच्या तांड्यावरची माणसं ऊसतोडीला जाताना ती कार्डं घेऊन जायची आणि ट्रकवाल्यांकडून ती कुठल्या कुठे पोहोचायची. असंच एक कार्ड मुंबईच्या एका गाण्याच्या कंपनीतल्या माणसाच्या हाती लागलं. तो गाडी करून मालेगावला आला आणि दुकानातल्या स्टुलावर, उघड्या पंख्यांच्या मधोमध बसला. त्याला ढावलो हवा होता. फक्त मागची खरखर काढायची, भाईंचा आवाज सुरुवातीला एकदा ठेवायचा आणि पुढचं गाणं एका नावाजलेल्या गायिकेकडून म्हणवून घ्यायचं. माणूस सभ्य होता, आमच्या भल्याचंच बोलत होता. भाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. गाणं हिच्या घरचं आहे, हिला विचारा, म्हणाले. मला मुंबई पाहायची होती, खोटं कशाला बोलू. पण माझ्या आईच्या, मावशांच्या तोंडचं भांडण दुसरी कुणीतरी गोड करून गाणार, हे मला सोसवेना. मी नाही म्हणाले. गाडी निघून गेल्यावर मी भाईंना विचारलं, मी हो म्हणाले असते तर? ते स्क्रू पिळत म्हणाले, "तरी बी वाजवला असता बँजो. पन रुसून वाजवला असता."

सगळ्यात वाईट दिवस आले ते एका गणपतीत. शेजारच्या तालुक्यातल्या एका मंडळानं दरवर्षीप्रमाणे आम्हाला बोलावलं होतं. चार दिवस आधी गजूला निरोप आला, की पार्टी या, पण भाईंना या खेपेला आणू नका. सध्या वातावरण तसं आहे, तुम्ही समजून घ्या. निरोप देणारा पोरगा आमच्याच गाण्यांवर नाचून मोठा झाला होता आणि बोलताना त्याला लाज वाटत होती, असं गजूनं सांगितलं. आम्ही तिघं दुकानात गेलो. भाई एका रेडिओची तुटकी तार डाग देऊन जोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. तुम्ही जा, गाणं बंद पडायला नको, एवढंच म्हणाले. मी त्यांचा आवाज इतका लहान कधी ऐकला नव्हता. मग दुकानाच्या पायरीवर बसलेली याडी बोलली. "मंग आमी बी नाई जात. आमी काय भाजी हाओत, का कांदा येचून बाकीचं खाऊन घ्यान?"

भाई हसले नाहीत. त्यांनी डागणी बाजूला ठेवली आणि चेहऱ्यावरून हात फिरवला.

ज्या दिवशी तो कार्यक्रम होता त्याच दिवशी केनवडला बाजार होता. दुपारी आम्ही चौघं तिथं जाऊन उभे राहिलो. स्टेज नाही, मंडप नाही, भोंगाही नेला नाही, कारण त्याला परवानगी लागते आणि ती मिळाली नसती. मिरचीवाल्या बायांच्या आणि दोरखंडाच्या दुकानाच्या मधे थोडी जागा होती. याडीनं थाळी वाजवली, गजूनं ढोल धरला, आणि भाई नुसत्या गळ्यानं गायले. खड्ड्यांचं गाणं, नळाचं गाणं, मग मी ढावलो घेतला. माणसं सौदा सोडून गोळा झाली. तेवढ्यात एक पोलीस गर्दी बाजूला करत आला आणि परवानगी कुठाय म्हणाला. भाईंनी सांगितलं की परवानगी स्पीकरला लागते, हा माझा गळा आहे. पोलीस आवाज खाली आणून म्हणाला, बरं, जरा हळू गा. भाई म्हणाले, "हळू गायचं असतं त घरीच गायलो असतो, साहेब." लोक हसले. पोलीसही तिथून हलला नाही. दोन गाणी त्यानं हाताची घडी घालून ऐकली. त्या मंडळानं आम्हाला पुन्हा कधी बोलावलं नाही. आम्ही मात्र दरवर्षी त्या आठवड्यात केनवडच्या बाजारात उभे राहायला लागलो. मिरचीवाल्या बाया आता आमच्यासाठी जागा मोकळी सोडतात.

याडी गेली त्यानंतर दोन वर्षांनी. आणि मग भाईंचा गळा बसला. आधी वाटलं ओरडून बसला असेल, सुंठ खाऊन बरा होईल. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आत गाठ आहे, जगायचं असेल तर आवाजाची पेटीच काढावी लागेल. भाईंना खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खायची सवय होती, त्यावरून भाभी आयुष्यभर त्यांच्याशी भांडली होती. ऑपरेशन झालं. गळ्याला छिद्र, त्यावर पांढऱ्या कापडाची पट्टी. श्वास तिथूनच यायचा-जायचा. मालेगावातलं सगळ्यात मोठं तोंड मुकं झालं.

ते महिने मला आठवायला नको वाटतात. दुकानाचं शटर अर्धं खाली असायचं. भाभी सांगायची, भिंतीकडे तोंड करून बसून राहतात, बँजोचं कव्हर काढलेलं नाही. आम्ही गेलो की ते डोळ्यांनी या-बसा म्हणायचे आणि पुन्हा भिंतीकडे वळायचे. गजू घरी जाताना ऑटो बाजूला घेऊन रडायचा. पार्टी संपली असं आम्ही दोघांनीही मनात धरलं होतं, फक्त एकमेकांना सांगत नव्हतो.

मग नागपूरच्या दवाखान्यातून त्यांना एक यंत्र मिळालं. टॉर्चएवढं असतं. मानेला टेकवून बटण दाबायचं, ते घूं करतं, आणि ओठ हलवले की त्या घूंमधून शब्द उमटतात. पहिल्यांदा ते मानेला लावून त्यांनी मला "सुमन" अशी हाक मारली. डब्यात भुंगा कोंडावा तसा आवाज. मला हसू फुटलं. लगेच तोंडावर हात ठेवला, पण भाईच हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते उठले. त्यांनी माइक काढला, चेपलेला भोंगा जोडला, यंत्र मानेला लावलं आणि बटण दाबलं. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. समोरचा टेलर काम टाकून बाहेर आला. भाईंनी त्या यंत्रानं मला आणि गजूला सांगितलं, "याले एकच सूर येते. आता तुमी समदे याच्यात या."

आणि आम्ही गेलो. बँजोच्या तारा त्या घूंला लावून घेतल्या. माझा आवाज त्या सुरात बसायला बरेच दिवस गेले. गाणी सगळी बदलली. पूर्वी भाई गाण्याच्या अंगावर धावून जायचे. आता ती एक खरखरीत, न हलणारी रेघ मागे उभी असायची आणि आम्ही तिच्याशी झटत गायचो. मला विचाराल तर आमच्या पार्टीचं सगळ्यात चांगलं गाणं त्या काळातलं आहे.

ऑपरेशननंतरचा पहिला कार्यक्रम मानोऱ्याला झाला. बातमी आधीच पोहोचली होती. लोक चेहरे पाडून बसले होते, पुढच्या बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. भाईंना कीव कधीच सोसली नाही. त्यांनी गळ्यावरची पट्टी सारखी केली, यंत्र टेकवलं आणि भोंग्यातून आवाज आला, "रडाले आले असान त घरी जा. इथं कार्यक्रम हाये." मग मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळा जमाव उसळला. त्या दिवशी एका मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की असा आवाज ऐकवणं बरं दिसत नाही, आता त्यांनी आराम करावा. मी भाईंना ते सांगितलं. त्यांनी विचारलं, मास्तर शेवटपर्यंत बसले होते का? मी म्हटलं, होते. मग झालं तर, असा हात केला त्यांनी.

त्या एका सुरावर आम्ही आणखी काही वर्षं काढली. नंतर दुखणं परत आलं आणि या वेळी डॉक्टरांकडे काढायला काही उरलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी त्यांना भेटायला गेले. खाटेवर अगदी लहान दिसत होते. भाभीनं सरबत आणून दिलं आणि ती आत गेली. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग मनात होतं ते विचारलं, की भाई, पार्टीचं काय करायचं? त्यांनी माझ्याकडे असं रागानं पाहिलं की मला ते पंधरा वर्षांपूर्वीचे दिसले. यंत्र मानेवर टिकेना. मी धरायला गेले तर माझा हात त्यांनी झटकला. दोन्ही हातांनी ते टेकवून एकेक शब्द सोडत म्हणाले, "मले काय इचारते? पार्टी माही हाये काय?"

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे शेवटचं. चार दिवसांनी ते गेले. आमच्या भागात बाया कब्रस्तानात जात नाहीत. मी भाभीजवळ बसून होते. गजू खांदा देऊन आला आणि दारातच उभा राहिला. भाभीनं त्याला पाणी दिलं, मग आत जाऊन बँजो आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. हा घरात पडून राहिला तर मला झोप येणार नाही, म्हणाली.

बँजो मला नीट येत नाही. शिकते आहे. बोटं जड आहेत आणि वयही शिकायचं नाही. तरी पावसाळा सरल्यावर आम्ही मालेगावच्या पुढच्या एका गावात कार्यक्रम घेतला. दोन जुनी गाणी झाली. तिसरं मी स्वतः बांधलेलं होतं, पार्टीतलं भाईंचा हात न लागलेलं पहिलं गाणं. अंगणवाडीच्या गळणाऱ्या छपरावरचं. ते अर्ध्यावर असताना मधल्या रांगेतले एक आजोबा उभे राहिले. आमचे जुने ऐकणारे, मी त्यांना चेहऱ्यानं ओळखत होते. ते दुखावल्यासारखे म्हणाले, "बाई, भोंग्यासारखं नाई जमून राह्यलं."

खरंच होतं ते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गजूनं ढोल थांबवला.

मी म्हणाले, "नाई जमनार, बाबा. आमी आमच्यासारखं करून राह्यलो."

आजोबा मान हलवत खाली बसले. पटलं म्हणून बसले की पाय दुखले म्हणून, मला माहीत नाही. मी गजूकडे पाहिलं आणि गाणं पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं, आधीपेक्षा मोठ्यानं.